ब्लूटूथची पॉवर पिन : मालक एकच हवा

प्रश्न (कुपवाड एमआयडीसी) : आमच्या लिनक्सवर चालणाऱ्या बोर्डावर वाय-फाय आणि ब्लूटूथ एकत्र असलेली ब्रॉडकॉम चिप आहे. वाय-फाय चालतं, ब्लूटूथला मात्र −११० एरर, म्हणजे टाइमआउट येतो. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय हे लिनक्सला सांगणाऱ्या फाइलमध्ये) दोन्हींच्या पॉवर पिना वाय-फायच्या पॉवर सीक्वेन्समध्येच, म्हणजे चिप चालू करण्याच्या क्रमात, टाकल्या आहेत.

उत्तर : ब्लूटूथची पिन तिथून आधी काढा. तो सीक्वेन्स वाय-फायच्या रेग-ऑन (तो भाग चालू करणाऱ्या) पिनेपुरता असतो. ब्लूटूथचा नोड (डिव्हाइस ट्रीतला त्याच्या नोंदींचा गट) यूआर्टच्या, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या सीरियल पोर्टच्या, नोडच्या आत लिहा आणि ब्लूटूथची पिन बीटी-रेग-ऑन तिथे ‘शटडाउन-जीपीआयओज’ म्हणून द्या (जीपीआयओ म्हणजे सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणारी पिन). नावावरून बहुतेकजण ‘अ‍ॅक्टिव्ह लो’ (१ म्हणजे पिनेवर कमी व्होल्टेज) लिहितात आणि तिथेच फसतात. ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर चिप चालू करताना ही लाइन १ करतो, त्यामुळे ‘अ‍ॅक्टिव्ह हाय’च (१ म्हणजे जास्त व्होल्टेज) हवं. उलटं लिहिलं, तर ऐन गरजेच्या वेळी चिप बंद राहते.

यानंतरही अडलं तर लॉगमध्ये नेमकी कोणती कमांड फसली ते पाहा. पहिलीच रीसेट कमांड, ०x०सी०३, अनुत्तरित राहिली तर वीज किंवा ३२.७६८ किलोहर्ट्झचं क्लॉक तपासा, तेही थेट चिपच्या पायावर ऑसिलोस्कोप लावून. हे क्लॉक पॉवर मॅनेजमेंट चिपमधून येत असेल, तर ब्लूटूथ नोडमध्ये ‘क्लॉक्स’ लिहून ‘एलपीओ’ नाव द्या. कोणी मागितलं नाही असं दिसलं, की बूटच्या शेवटी कर्नल (लिनक्सचा गाभा) ते बंद करून टाकतो. रीसेट झालं आणि पुढे वेग वाढवताना अडलं, तर संशय यूआर्टच्या आरटीएस-सीटीएस (‘पाठव’, ‘थांब’ सांगणाऱ्या) तारांवर घ्या. यूआर्टच्या चारही पिनांचं पिनकंट्रोल (पिनेचं काम ठरवणारी नोंद) लिहा आणि तारांची खात्री होईपर्यंत ‘मॅक्स-स्पीड’ १,१५,२०० ठेवा.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : आरएफकिल-जीपीआयओचा (रेडिओ बंद-चालू करणाऱ्या स्विचचा) नोड जोडल्यापासून ब्लूटूथ ड्रायव्हर −१६ एरर, म्हणजे ‘बिझी’, देतो.

उत्तर : एकाच पिनेवर दोघांनी हक्क सांगितला, ज्याने आधी धरली त्याला मिळाली. जोडलेला नोड काढून टाका. ब्लूटूथ सुरू झालं की त्याचा आरएफकिल स्विच आपोआप तयार होतो.

प्रश्न (तासगाव) : द्राक्षबागेतला हवामान-बॉक्स सौर बॅटरीवर आहे. ब्लूटूथ फक्त मोबाइलवर नोंदी घेण्यापुरतं लागतं, तरी रात्रीत बॅटरी उतरते.

उत्तर : ‘होस्ट-वेकअप’ इंटरप्ट (चिपने प्रोसेसरला उठवण्याचा इशारा) दिलाय का? तो नसेल तर ड्रायव्हर चिपला झोपवतच नाही. ‘इंटरप्ट्स’मध्ये तो लिहा, सोबत ‘डिव्हाइस-वेकअप-जीपीआयओज’ (चिपला उठवणारी पिन) द्या. मग ५ सेकंद काम नसलं की चिप झोपेल.

पुरवठा पूर्ण तोडायचा असेल, तर चिपला वीज देणाऱ्या रेग्युलेटरवरचं ‘ऑलवेज-ऑन’ काढून ब्लूटूथ नोडमध्ये ‘व्हीबॅट-सप्लाय’ आणि ‘व्हीडीडीआयओ-सप्लाय’ (चिपचे दोन वीजपुरवठे) लिहा. वाय-फाय त्याच रेग्युलेटरवर असेल, तर त्याचीही मागणी नोंदलेली हवी. नाहीतर ब्लूटूथ बंद होताच वाय-फायचीही वीज जाते. यूआर्टची टीएक्स लाइन रिकामी असताना हाय असते. वीज तोडलेल्या चिपमध्ये तिच्यातून करंट शिरतो, म्हणून ‘स्लीप’ पिनकंट्रोलमध्ये ती लो करा. मग बॅटरीच्या तारेत मल्टिमीटर लावून झोपेतला करंट मोजा. आधीचा आकडा लिहून ठेवला असेल तरच फरक कळेल.