दुपारी घरी कोण असणार?

प्रश्न : ताई, आम्ही कळव्याला भाड्याने राहतो. वन रूम किचन आणि माणसं चार : मी, मिस्टर, पहिलीतला मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. मिस्टर वागळे इस्टेटला कारखान्यात आहेत. वासिंदजवळच्या एका गावात रो-हाउस आमच्या बजेटमध्ये बसतंय. दिवाळीच्या सुट्टीत बघून आलो. समोर भातशेती, मागे डोंगर. परत येताना गाडीत कुणी बोललंच नाही, इतकं आवडलं. तुम्ही तिकडच्याच, म्हणून विचारते. जावं का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : दिवाळीत बघितलंत ना, तिथेच फसलात. दिवाळीत आमच्या शहापूर तालुक्यातला उकिरडासुद्धा देखणा दिसतो. भात पिवळं पडलेलं, ओढ्याला पाणी, मागे माहुली किल्ल्याचे सुळके लख्ख. प्लॉट दाखवणारे गाड्या भरभरून माणसं आणतात ती याच दिवसांत. तुम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी दीड वाजता या, वीज गेलेली असताना. मग पुढचं बोलू.

मी १९९४ साली लग्न होऊन इथे आले आणि ठाण्यातल्या नोकरीसाठी २७ वर्षं पास काढला. वासिंद मुंबईपासून ८० किलोमीटर, ठाण्यापासून साधारण ४६, हे तुम्हाला एजंटाने सांगितलं असेलच. तो जे सांगत नाही ते स्टेशन ते घर हे अंतर. आमचं ४ किलोमीटर आहे. सकाळी रिक्षा मिळते, कारण सगळं गावच त्या वेळी निघतं. रात्री नेहमीची गाडी चुकवून मागच्या गाडीने उतरलात की स्टँडवर एकच रिक्षा, आणि सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. त्या शेवटच्या सीटची वाट बघत मी पाऊण पाऊण तास बसलेय. मांडीवर ठाण्याहून घेतलेली मेथीची जुडी, घरी पोचेपर्यंत तिने मान टाकलेली.

गाडीचं थोडक्यात सांगते. आसनगावहून सुटणारी लोकल धरली तर वासिंदला बसायला मिळू शकतं, ते एकच स्टेशन मागे आहे. कसाऱ्याहून येणारी भरून आलेली असते. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे दोनच रूळ. लोकलही त्यावरून, नाशिककडच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही त्यावरूनच, मालगाड्याही. एक काही अडलं की मागची रांग अडते. तिसऱ्या मार्गाचं काम चालू आहे, तो होईल तेव्हा होईल. मिस्टरांना ठाण्याला उतरून पुढे वागळेची बस किंवा रिक्षा पकडायची आहे. पहाटे पाचला उठणं, रात्री साडेआठ-नऊला पायातली चप्पल काढणं, असा दिवस धरून चाला. पण त्यांची मला तेवढी काळजी वाटत नाही. डब्यात त्यांचा ग्रुप होईल, डबे उघडतील, भजनाची टाळ वाजवायलाही शिकतील.

मी विचारतेय ते वेगळंच. दुपारी त्या घरात कोण असणार? तुम्ही आणि सासूबाई. राहणार तुम्ही. तुमचे मिस्टर तिथे झोपायला येणार आणि रविवारी अंगणात खुर्ची टाकून ‘काय हवा आहे’ म्हणणार. आमचे हे ३० वर्षं या गावात राहिले, पण गावची विहीर कुठल्या महिन्यात तळ दाखवते हे त्यांना रिटायर झाल्यावर कळलं.

पाण्याचं नीट विचारा. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आमच्या तालुक्यात. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबई पिते. आणि आमच्या तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. बायका हंडे घेऊन त्याच्यामागे धावतात तेव्हा मला काही बोलवत नाही. रो-हाउसला बोअर असेल, तर ती मेमध्ये किती वेळ चालते ते तिथे राहणाऱ्या बाईला विचारा. बिल्डरला नको, सोसायटीच्या सेक्रेटरीलाही नको. धुणं ती बाई धुते.

सासूबाईंचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. रात्री-अपरात्री दवाखान्याची वेळ आली तर शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, नाहीतर कल्याण गाठायचं. दोन्हीकडे जायला दाराशी गाडी लागते, आणि गाडी म्हणजे शेजाऱ्याची गाडी. म्हणून शेजार बघा. मुलाच्या शाळेचं मी फार बोलत नाही, शाळेच्या बसेस हल्ली गावापर्यंत येतात.

शेजाराचं एक सांगते. २६ जुलै २००५ला मी ठाण्यात अडकले. दोन रात्री ऑफिसच्या टेबलांवर काढल्या, हे नाशिकला गेलेले, फोन बंद. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, घरात दोघंच. तिसऱ्या दिवशी कुठे ट्रकमधून, कुठे चालत घरी पोचले, तर दाराला कुलूप. छातीत धस्स झालं. शेजारच्या कुणब्यांच्या घरी डोकावले. दोघं चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खात होती. काकू म्हणाल्या, ‘आली का? बस, तुझीपन टाकते.’ एवढंच. त्याआधी अकरा वर्षांत मी त्या बाईशी ‘गाडी आहे, निघते’ यापलीकडे बोलले नव्हते.

तेव्हा माझं म्हणणं असं : आत्ता विकत घेऊ नका. त्याच गावात ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा, पण सुरुवात एप्रिलमध्ये करा, म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पदरात पडतील. आणि घर घ्यायचं की नाही हे ठरवताना पहिलं मत सासूबाईंचं घ्या.

प्रश्न : आम्ही वर्षभरापूर्वी वांगणीच्या बाजूला राहायला आलो. उन्हाळ्यात शेजारचे शेतकरी शेतात कचरा जाळतात. धुराने गॅलरीतले कपडे काळे होतात, आईला खोकला होतो. तक्रार कुणाकडे करायची?
– एक वाचक, वांगणी

उत्तर : तो कचरा नव्हे हो, राब आहे. भाताचं रोप जिथे वाढवायचं तेवढ्याच तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर रचतात, वरून माती पसरतात आणि पेटवतात. भडकू द्यायचं नसतं, धुमसू द्यायचं असतं, म्हणून धूर जास्त. तणाचं बी मरतं, राख खताला होते. जूनमध्ये त्यावर बी पडतं आणि जुलैत रोपं उपटून लावणी. हा टहाळ तोडून, डोक्यावर वाहून आणण्यात बायकांचा हिवाळा जातो.

आईंचा खोकला खरा आहे, तो सोसा असं मी म्हणणार नाही. पण तक्रारीआधी एकदा बांधावर जाऊन ‘दादा, कधी पेटवणार?’ एवढं विचारा. दिवस कळला तर कपडे आत घेता येतात, आईला दोन दिवस बहिणीकडे पाठवता येतं. वारा तुमच्या घराकडे असेल तर बहुतेक जण थांबतातही. राबाशिवाय भात होतो. नेरळला निघालेल्या सगुणा तंत्रात राब, चिखलणी, लावणी यातलं काहीच लागत नाही. पण ते शेतकऱ्याला तुम्ही गॅलरीतून सांगू नका. त्याच्या पडवीत बसून चहा पिताना सांगा.

प्रश्न : स्टेशनबाहेर आदिवासी बाईकडून शेवळं ही रानभाजी घेतली. भाजी खाल्ली आणि सगळ्यांचा घसा धरला. काय चुकलं?
– नव्याने आलेली एक वाचक, आसनगाव

उत्तर : शेवळाच्या जुडीबरोबर त्या बाईने हिरवी, आवळ्यासारखी फळं पुढे केली असतील आणि तुम्ही ‘ही नकोत’ म्हणाला असाल. ती काकडं. ती ठेचून त्यांचा रस भाजीत घातला की खाज मरते. नसतीलच तर चिंचेचा कोळ सढळ हाताने घाला. शेवळ उभं चिरून आतल्या दांड्याच्या बुडाचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, तो राहिला तरी घसा धरतो. मग बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. सोबत वाल किंवा कोलंबी. पुढच्या वेळी त्याच बाईकडून घ्या आणि काकडांचे पैसे वेगळे द्या. ती बहुतेक तशीच देते, पण काकडं गोळा करायलाही ती रानातच गेलेली असते.