सर्व्हरची तब्येत टर्मिनलवरून: वाचकांचे प्रश्न

लांबच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे आज्ञा चालवण्याच्या साधनाने) जाऊन, कोणतेही मोठे देखरेखीचे साधन न बसवता, त्याची तब्येत कशी पाहायची, याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. म्हणून हे सदर या वेळी त्या एकाच विषयाला दिले आहे. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, टंकताना त्या रोमन लिपीत द्याव्यात. पर्यायाचे अक्षर मोठ्या लिपीतले हवे असेल तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न: आमच्या ४ कोअरच्या सर्व्हरवर 'अपटाइम' ९.४, ८.९, ७.२ असा लोड दाखवते. 'टॉप'मध्ये मात्र सीपीयूचा जेमतेम दहावा हिस्सा वापरात दिसतो. खरे काय मानायचे?

दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. लोडचे तीन आकडे म्हणजे गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी. या मोजणीत लिनक्स केवळ सीपीयूवर चालणाऱ्या किंवा सीपीयूसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, धरत नाही. डिस्ककडून किंवा नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमकडून उत्तर येईपर्यंत अडकून पडलेल्या प्रोसेसही तो धरतो. 'पीएस'च्या स्थितीच्या रकान्यात अशा प्रोसेससमोर मोठा 'डी' दिसतो. त्यामुळे लोड चढलेला आणि सीपीयू रिकामा असेल, तर सीपीयूचा नाद सोडून डिस्ककडे वळावे.

पुढची आज्ञा 'व्हीएमस्टॅट १ ५'. ती दर सेकंदाला एक अशा पाच ओळी देते. पहिली ओळ सोडून द्यावी, कारण ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते आणि आत्ताच्या बिघाडाबद्दल काहीच सांगत नाही. उरलेल्या चार ओळींत 'आर' हा आकडा कोअरच्या संख्येपेक्षा सतत जास्त असेल, तर सीपीयू खरोखर कमी पडतो आहे. 'बी' चढलेला असेल, तर प्रोसेस डिस्कवर अडल्या आहेत. 'डब्ल्यूए' म्हणजे सीपीयू मोकळा होता, पण डिस्कचे काम बाकी होते, असा वेळ. व्हर्च्युअल मशीन असेल तर 'एसटी'ही पाहा. हा वेळ तुमच्या मशीनला हवा होता, पण मूळ यंत्राने तो दुसऱ्या कुणाला दिला. हा आकडा तासन् तास दोन अंकी राहिला, तर तुमच्या बाजूने कितीही सुधारणा केल्या तरी फरक पडणार नाही. सेवा पुरवणाऱ्याशीच बोलावे लागेल.

अडलेल्या प्रोसेस नेमक्या कोणत्या, हे 'पीएस -ईओ स्टेट,पीआयडी,डब्ल्यूचॅन,सीएमडी'च्या उत्तरात 'डी'ने सुरू होणाऱ्या ओळी वेगळ्या काढून कळते. सगळ्या ओळी एकाच एनएफएस माउंटकडे (नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरकडे) बोट दाखवत असतील, तर पलीकडचा फाइल सर्व्हर गेला आहे, असे समजून तिथे तपास करा. अशा वेळी साधे 'डीएफ'ही अडकून बसते, म्हणून 'डीएफ -एल' वापरावे. ते फक्त स्थानिक फाइलसिस्टिम पाहते.

स्थानिक डिस्कवर संशय असेल तर 'आयओस्टॅट -एक्स १' चालवा. हे 'सिसस्टॅट' पॅकेजमध्ये मिळते. वाचन आणि लेखनाला सरासरी किती मिलिसेकंद लागले, हे सांगणारे 'अवेट'चे रकाने त्यात महत्त्वाचे. 'युटिल' १०० टक्के दिसले म्हणून एसएसडीची क्षमता संपली असे होत नाही. अशी डिस्क एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळते आणि हा रकाना फक्त ती काही ना काही करत होती एवढेच सांगतो.

प्रश्न: 'फ्री -एम' १६ जीबीपैकी जेमतेम ३०० एमबी रिकामी दाखवते. मेमरी वाढवायची का?

तेवढ्यावरून नाही. पडून असलेली मेमरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि प्रोग्रामला गरज पडली की परत देतो. पाहायचा रकाना 'अव्हेलेबल'. त्याचा अंदाज कर्नल स्वतः देतो. २०१४ मध्ये आलेल्या ३.१४ आवृत्तीपासून ही सोय आहे. हा आकडा दिवसेंदिवस घटत असेल आणि 'व्हीएमस्टॅट'मधले 'एसआय' व 'एसओ' (स्वॅपमधली, म्हणजे मेमरीला जोड म्हणून वापरायच्या डिस्कवरच्या जागेतली, ये-जा) सतत शून्याच्या वर असतील, तर मेमरी कमी पडते आहे. स्वॅप नुसता भरलेला आहे पण त्यात ये-जा नाही, तर घाबरू नये.

एखादी सेवा अचानक बंद पडली आणि तिचा एक्झिट कोड (संपताना प्रोग्राम मागे ठेवतो तो आकडा) १३७ असेल, तर तो १२८ अधिक ९ आहे, म्हणजे तिला सिग्नल ९ ने मारले गेले. मारणारा कर्नल होता का, हे 'जर्नलसीटीएल -के'मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधून कळते. कंटेनरच्या (यंत्रातल्या बंदिस्त कप्प्याच्या) आतून 'फ्री' चालवत असाल, तर ते सहसा सगळ्या यंत्राची मेमरी दाखवते. कंटेनरची मर्यादा सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) 'मेमरी.मॅक्स' फाइलीत असते आणि सध्याचा वापर 'मेमरी.करंट'मध्ये.

प्रश्न: 'डीएफ' म्हणते डिस्क १०० टक्के भरली. 'डीयू'ने बेरीज केली तर निम्मीही होत नाही. जागा गेली कुठे?

बहुतेक वेळा ती पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइलीत गेलेली असते. कुणीतरी मोठी लॉग फाइल 'आरएम'ने काढली, तिचे नाव गेले, म्हणून 'डीयू'ला ती दिसत नाही. पण लिहिणारा प्रोग्राम ती धरून आहे, म्हणून तिचे ब्लॉक मोकळे होत नाहीत. 'एलएसओएफ +एल१', इथे 'एल' मोठा, अशा फाइली दाखवते. धरून बसलेली सेवा पुन्हा सुरू केली की जागा सुटते. सेवा थांबवणे शक्य नसेल, तर '/प्रोक' खाली त्या प्रोसेसच्या 'एफडी' फोल्डरमधल्या नेमक्या क्रमांकाची फाइल 'ट्रंकेट -एस ०'ने रिकामी करता येते. मात्र ती लॉग फाइलच आहे याची आधी पक्की खात्री हवी. डेटाबेसच्या फाइलीला हा उपाय करू नये. पुढच्या वेळी चालू लॉग 'आरएम' न करता 'लॉगरोटेट'कडे सोपवावा.

'डीएफ'मध्ये जागा दिसत असूनही फाइल लिहिता येत नसेल, तर 'डीएफ -आय' पाहा. ब्लॉक शिल्लक असतात, पण आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी नोंद) संपलेले असतात, आणि संदेश मात्र जागा नसल्याचाच येतो. लक्षावधी चिमुकल्या सेशन फाइली किंवा न गेलेल्या मेलची रांग ही याची नेहमीची कारणे. तिसरी शक्यता ईएक्सटी४ वर असते. तिथे मुळात ५ टक्के ब्लॉक रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी, राखीव असतात, त्यामुळे सामान्य वापरकर्त्यासाठी डिस्क आधीच संपते.

प्रश्न: सर्व्हरांच्या यादीतून 'व्हाइल रीड' फिरवून प्रत्येकावर एसएसएचने 'अपटाइम' चालवतो. पहिल्या सर्व्हरनंतर लूप संपतो. चूक काही दिसत नाही.

एसएसएच तुमची उरलेली यादी गिळतो. लूपचा आणि एसएसएचचा स्टँडर्ड इनपुट (माहिती आत येण्याची वाट) एकच असतो. एसएसएच तो वाचून पलीकडे पाठवतो आणि 'रीड'साठी काहीच उरत नाही. एसएसएचला '-एन' द्या, प्रश्न सुटेल.

त्याच ओळीत आणखी काही पर्याय घालून ठेवावेत. 'बॅचमोड=येस' दिला की किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) चालली नाही तर एसएसएच पासवर्डची वाट पाहत न बसता सरळ नापास होतो. 'कनेक्टटाइमआउट=५' जोडणी जुळण्यापुरता असतो, हे ध्यानात ठेवा. जोडणी झाली, पण पलीकडची आज्ञाच अडकली, तर त्याचा उपयोग नाही. 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल'चाही नाही, कारण आज्ञा अडकलेली असली तरी पलीकडचा एसएसएच डीमन, म्हणजे मागे सतत चालणारी एसएसएचची सेवा, वेळेवर उत्तरे देत असतो. त्यासाठी सगळ्या ओळीच्या आधी 'टाइमआउट २०' लावावे.

नव्या सर्व्हरच्या होस्ट कीचा (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कीचा) प्रश्न येतो म्हणून 'स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग' बंद करण्याचा सल्ला जागोजागी दिलेला दिसतो. तो घेऊ नका. ओपनएसएसएच ७.६ पासून, म्हणजे २०१७ पासून, तिथे 'ॲक्सेप्ट-न्यू' देता येते. नवा सर्व्हर स्वीकारला जातो, पण ओळखीच्या सर्व्हरची की बदललेली असेल तर जोडणी नाकारली जाते, आणि नेमके तेच हवे असते.

अवतरणचिन्हांचा घोळही इथेच होतो. दूरवर चालवायची आज्ञा दुहेरी अवतरणात असेल, तर तिच्यातल्या 'ऑक'चा (रकाने निवडणाऱ्या आज्ञेचा) '$५' तुमच्याच शेलमध्ये आधी उलगडतो आणि रिकामा होतो. मग पाचव्या रकान्याऐवजी सगळी ओळ छापली जाते. '$'च्या आधी उलटी तिरपी रेघ द्या.

प्रश्न: एसएसएचमधून 'टॉप' चालवला की टर्मिनलचा प्रकार ठरलेला नाही, अशी तक्रार येते.

आज्ञा थेट दिली तर पलीकडे टर्मिनल तयार होत नाही. समोर बसून पाहायचे असेल तर 'एसएसएच -टी', स्क्रिप्टसाठी 'टॉप -बी -एन २ -डी २'. दोन नमुन्यांतला दुसराच वाचावा. पहिल्याचा कालावधी तुम्ही दिलेल्या अंतराचा नसतो, त्यामुळे त्यातली सीपीयूची टक्केवारी फसवी असते.

प्रश्न: क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेतून) दर ५ मिनिटांनी तपासणी चालते. तिची स्क्रिप्ट एसएसएचचे उत्तर 'ग्रेप'ने पाहते. सर्व्हर रात्रभर बंद होता, तरी एकही इशारा आला नाही. असे कसे?

तुमच्या स्क्रिप्टमध्ये एसएसएचचे उत्तर पाइपने 'ग्रेप'ला (ओळी शोधणाऱ्या आज्ञेला) जाते आणि ९० टक्क्यांच्या वरची ओळ सापडली तरच इशारा निघतो. सर्व्हर बंद असताना उत्तर रिकामे आले, रिकाम्या उत्तरात 'ग्रेप'ला काही सापडले नाही, म्हणून स्क्रिप्टच्या लेखी सगळे ठीक होते. पाइपलाइनचा एक्झिट कोड शेवटच्या आज्ञेचा असतो, त्यामुळे एसएसएचचे अपयश त्यात हरवले.

म्हणून उत्तर आधी व्हेरिएबलमध्ये घ्यावे आणि लगेच एक्झिट कोड तपासावा. एसएसएच स्वतः अयशस्वी झाला तर कोड २५५ असतो, 'टाइमआउट'ने तोडले तर १२४. एरवी पलीकडच्या आज्ञेचा कोड जसाच्या तसा मिळतो. तपासणीचे निकाल तीन ठेवा: ठीक, बिघाड आणि कळले नाही. तिसऱ्यालाही इशारा हवाच. एखाद्या वेळच्या नेटवर्कच्या झटक्याने त्रास होऊ नये म्हणून लागोपाठ दोनदा 'कळले नाही' आले की तो पाठवावा, यापेक्षा जास्त सवलत देऊ नये.

टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये न चालण्याची कारणे ठरलेली आहेत. तिथे एसएसएच एजंट (उघडलेल्या किल्ल्या हाताशी ठेवणारा प्रोग्राम) नसतो, त्यामुळे एजंटमधली किल्ली मिळत नाही. पाथ, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांची यादी, आखूड असतो. क्रॉनच्या ओळीतले '%' चिन्ह नवी ओळ मानले जाते, त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. आधीची फेरी संपली नसताना दुसरी सुरू होऊ नये यासाठी कुलूप लावणारी 'एफलॉक -एन' वापरा.

आणि तपासणारे यंत्रच बंद पडले तर? प्रत्येक फेरीच्या शेवटी एका फाइलीला 'टच' करा. ती फाइल १५ मिनिटांहून जुनी झाली का, हे दुसऱ्या यंत्राने पाहावे. शिवाय एसएसएचने आत जाता आले म्हणजे वेबसाइट चालू आहे असे नाही. 'कर्ल --मॅक्स-टाइम १०'ने बाहेरून पानाचा स्टेटस कोड वेगळा पाहा. प्रमाणपत्राची मुदतही बाहेरूनच तपासावी. 'ओपनएसएसएल एक्स५०९'ला '-चेकएंड १२०९६००' दिले, की पुढच्या १४ दिवसांत मुदत संपणार असल्यास एक्झिट कोड १ मिळतो.

प्रश्न: देखरेखीसाठी पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) नसलेली किल्ली ठेवावी लागते. ती चोरीला गेली तर?

त्या किल्लीला एकच काम करता येईल असे करा. देखरेखीसाठी वेगळा वापरकर्ता बनवा, सुडोचा (रूट म्हणून आज्ञा चालवण्याचा) अधिकार देऊ नका, आणि 'एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९'ने वेगळी किल्ली काढा. सर्व्हरवर 'ऑथराइज्ड_कीज'मध्ये (मान्य किल्ल्यांच्या फाइलीत) त्या किल्लीच्या आधी 'रिस्ट्रिक्ट' लिहा आणि स्वल्पविराम देऊन 'कमांड='ने तुमच्या तपासणी स्क्रिप्टचा पूर्ण पाथ द्या. 'रिस्ट्रिक्ट' ओपनएसएसएच ७.२ पासून आहे. त्याने टर्मिनल, पोर्ट फॉरवर्डिंग, एजंट फॉरवर्डिंग सगळे एकदम बंद होते. आता किल्लीवाल्याने कोणतीही आज्ञा पाठवली तरी तुमचीच स्क्रिप्ट चालते. तपासणारे यंत्र ठरलेले असेल तर 'फ्रॉम='मध्ये त्याचा आयपी पत्ताही घाला. ती स्क्रिप्ट रूटच्या मालकीची असावी, या वापरकर्त्याला ती बदलता येता कामा नये.

एवढे करूनही किल्ली नाकारली जात असेल, तर परवानग्या पाहा. 'डॉटएसएसएच' फोल्डरला ७००, 'ऑथराइज्ड_कीज'ला ६००, आणि होम फोल्डरवर गटाला लिहिण्याची मुभा नको. यात कसूर झाली की डीमन ती फाइल वाचतच नाही. क्लायंटकडे फक्त परवानगी नाकारल्याचा संदेश येतो, खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असते. ते 'जर्नलसीटीएल -यू एसएसएचडी'ने पाहावे. डेबियन आणि उबुंटूवर त्या सेवेचे नाव नुसते 'एसएसएच' आहे.