एकच आयपी आणि दोन वेबसाइट, दुसरा आयपी घ्यावा का?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, नेटवाल्याकडून एकच स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घेतलाय. एका कॉम्प्युटरवर टॉवेलची साइट आणि दुसऱ्यावर धाकट्या भावाच्या चादरींची. राउटरमध्ये पोर्ट 80 (वेबसाइटचं नेहमीचं दार) एकाच मशीनला देता येतो, म्हणून भावाच्या साइटला 8080 लावला, पण बाहेरगावचे व्यापारी पत्त्यापुढे 8080 टाकतच नाहीत अन् साइट बंद आहे म्हणून फोन करतात. नेटवाला म्हणतो दुसरा आयपी घ्या. घेऊ का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नका घेऊ, दर वर्षीचे पैसे उगाच जातील. तुमची अडचण आयपीची नाहीच, राउटरची आहे. राउटरला फक्त पोर्ट नंबर कळतो, रिक्वेस्ट कुठल्या साइटसाठी आलीय हे तो बघतच नाही, म्हणून 80 वर आलेलं सगळं तो एकाच मशीनकडे ढकलतो. पण ब्राउझर मात्र प्रत्येक रिक्वेस्टमध्ये साइटचं नाव पाठवतच असतो, होस्ट म्हणून एक ओळ असते त्यात. 1997 साली एचटीटीपी 1.1 (ब्राउझर आणि साइट ज्या नियमांनी बोलतात ते) आलं तेव्हापासून ही ओळ सक्तीची आहे आणि शेअर्ड होस्टिंगवाले, म्हणजे अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर ठेवणारे, एका आयपीवर शेकडो साइट चालवतात ते याच ओळीच्या जिवावर.

तेव्हा ती ओळ वाचणारं काहीतरी पुढे बसवायचं, त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. इंजिनएक्स (nginx) हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून आरामात चालतं. राउटरमधून 80 आणि 443 (सुरक्षित एचटीटीपीएस साइटचं पोर्ट) दोन्ही त्याच मशीनला द्या, डीएनएसमध्ये दोन्ही डोमेनचा ए रेकॉर्ड (साइटचं नाव कुठल्या आयपीवर न्यायचं ती नोंद) तुमच्या त्याच एका स्टॅटिक आयपीवर ठेवा आणि इंजिनएक्समध्ये प्रत्येक डोमेनचा वेगळा सर्व्हर ब्लॉक (सेटिंग फाइलमधला त्या साइटचा भाग) करा, टॉवेलचं नाव आलं की आतल्या 192.168.1.10 ला पाठव, चादरीचं आलं की 192.168.1.11 ला, एवढंच. भावाची साइट आत 8080 वरच राहू दे, बाहेरच्याला ते दिसत नाही. फक्त पुढे पाठवताना होस्टची मूळ ओळ तशीच पाठवायची सेटिंग विसरू नका, नाहीतर मागची साइट भलत्याच लिंका तयार करते. आणि नाव कुठल्याच ब्लॉकशी जुळलं नाही तर इंजिनएक्स गप्प बसत नाही, पहिला ब्लॉक उचलतो, म्हणजे भावाच्या डोमेनचा ब्लॉक लिहिताना एक अक्षर चुकलं तर त्याच्या गिऱ्हाइकाला तुमचे टॉवेल दिसणार! म्हणून सगळ्यात वर एक रिकामा डीफॉल्ट ब्लॉक ठेवाच.

एचटीटीपीएसचं काय, तर तिथं होस्टची ओळ कुलूपबंद असते, पण कनेक्शन जुळवतानाच ब्राउझर साइटचं नाव आधी सांगतो, त्याला एसएनआय म्हणतात, आजचे सगळे ब्राउझर ते करतात. एचटीटीपीएसला लागणारी सर्टिफिकेटं लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते, ती त्या पुढच्या मशीनवरच घ्या, दोन्ही डोमेनची. नेहमीचं सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं, ऑटो रिन्यू लावा, आणि 443 चालू झालं म्हणून 80 बंद करू नका, नेहमीच्या पद्धतीत डोमेनची तपासणी त्यावरूनच होते.

हे सगळं करायच्या आधी एक बघून घ्या. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी आणि गुगलवर माझा आयपी म्हणून शोधल्यावर येणारा आयपी एकच आहे ना? राउटरमध्ये 100.64 ते 100.127 यातलं काही दिसलं तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे नेटवाला एकच बाहेरचा आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटतोय, तो तुमच्या एकट्याचा नाहीच, तिथं कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. स्टॅटिकचे पैसे भरताय तर असं व्हायला नको, पण झालंच असेल तर नेटवाल्याशी सरळ भांडा.

आणि सेटिंग झाल्यावर साइट ऑफिसातल्या वायफायवरून उघडली नाही तर घाबरू नका, बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत. मोबाइल डेटावरून तपासा. तिथं उघडली तर काम झालं, मग ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या आयपीवर, याची कॉम्प्युटरमधलीच यादी) दोन्ही डोमेनपुढे प्रॉक्सीचा आतला आयपी लिहून टाका.