वाचकांचे प्रश्न: नोव्हेंबरातले क्योटो, दोन दिवसांत

प्रश्न: आम्ही टोकियोत निशिकासाईला राहतो. साताऱ्याहून सासू-सासरे नोव्हेंबरात येत आहेत, मुलगा सात वर्षांचा आहे. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचे आणि रविवारी परतायचे, असा बेत आहे. लाल पानांसाठी कोणता शनिवार-रविवार धरावा? आणि दोन दिवसांत काय काय बसेल?

उत्तर: छातीठोक तारीख सांगता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. रात्रीचा पारा 8 अंशांच्या खाली उतरू लागला की मॅपलच्या पानातले हरितद्रव्य मोडते, देठाशी पडदा धरतो, साखर पानातच अडकते आणि तिच्यापासून लाल रंग तयार होतो. म्हणूनच ऑक्टोबर उबदार गेला की रंग लांबतो. अलीकडे क्योटो शहरात ऐन बहर नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात येतो, कधी डिसेंबरही उजाडतो. 23 नोव्हेंबरला जपानमध्ये सुट्टी असते. तिला जोडून आलेला शनिवार-रविवार टाळा, त्याच्या पुढचा घ्या. थोडा उशीर झाला तरी वाया जात नाही. हिरव्यागार शेवाळावर लाल पानांचा सडा पडतो, त्याला जपानीत चिरी-मोमिजी म्हणतात, आणि तो पाहायला मुद्दाम येणारे लोक आहेत. महिन्याच्या सुरुवातीलाच जावे लागले, तर शहराच्या वायव्येला ताकाओच्या डोंगरात रंग आधी उतरतो. मात्र तिथल्या जिंगो-जी मंदिराला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, हे सासू-सासऱ्यांना आधीच सांगा.

बेताबद्दल आमचे मत ठाम आहे: या खेपेला शहराची पूर्व बाजू तेवढी करा. एका दिवसात आराशियामा, किन्काकु-जी आणि कियोमिझु-देरा कोंबणारे निम्मा दिवस बसच्या रांगेत घालवतात. पावणेपाचला तर सूर्य मावळतो, आणि बहुतेक मंदिरांत साडेचार-पाचच्या पुढे प्रवेश नसतो.

शनिवारी सातच्या सुमारास फुशिमी इनारी गाठा. देवस्थान रात्रंदिवस उघडे असते, तिकीट नाही. डोंगरावरची पूर्ण फेरी 4 किलोमीटरची आणि दोन तासांची आहे. ती सोडा, तोरणांच्या दाट रांगांतून ओकुशापर्यंत, म्हणजे आतल्या देवळापर्यंत, जाऊन परत फिरा. जेआर नारा मार्गावर इनारीहून क्योटोच्या दिशेने पुढचे स्टेशन तोफुकुजी. तिथून तोफुकु-जी मंदिर दहा मिनिटांवर. एरवी नऊला उघडणारे हे मंदिर नोव्हेंबरात साडेआठला उघडते, पण सव्वाआठलाच रांगेत असावे. दहानंतर त्सुतेन्क्यो पुलावर मुंगीच्या पावलाने सरकावे लागते. गर्दीच्या दिवसांत पुलावर थांबून फोटो काढायला मनाई असते. खालच्या दरीत उतरून वर पाहिले, तर पूल आणि झाडे दोन्ही निवांत दिसतात.

त्याच तोफुकुजी स्टेशनावरून केइहान रेल्वेने सान्जो, तिथे भुयारी तोझाई मार्ग धरून केआगे. केआगेपासून नान्झेन-जी दहा मिनिटे पायी. आवार मोफत आहे, आणि आत 1888चा विटांचा जलसेतू आहे. त्याच्यावरून आजही पाणी वाहते, मुलाला तो नक्की आवडेल. पुढे दहा मिनिटांवर एइकान्दो. पानांसाठी एकच मंदिर पाहायचे असेल तर हे पाहा. लक्षात ठेवा, पाचला सगळ्यांना बाहेर काढतात आणि साडेपाचला रोषणाईसाठी पुन्हा उघडतात. दिवसाचे तिकीट रात्री चालत नाही. आमचा सल्ला: दुपारी नान्झेन-जी आणि जेवण, अंधार पडल्यावर एइकान्दो.

रविवारी कियोमिझु-देरा. दार सकाळी 6ला उघडते, पण नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेसातला उगवतो, म्हणून साडेसहाला पोचणे पुरे. क्योटो स्टेशनवरून टॅक्सी करा, चढ वाचेल. 1633 साली पुन्हा बांधलेला तो लाकडी मंच जमिनीपासून 13 मीटर उंच आहे, आणि त्याच्या सांगाड्यात खिळा नाही. उतरताना सान्नेन्झाका आणि निनेन्झाका रिकामे मिळतात. दुकाने तेव्हा बंद असतात, हाच फायदा. पायऱ्या दगडी आणि ओल्या असतात, सासूबाईंना चपला घालू देऊ नका.

परतीची गाडी दुपारी दोनच्या आतली घ्या आणि ई अक्षराची जागा राखा. क्योटो सोडल्यावर दीडेक तासाने, आकाश स्वच्छ असेल तर, त्याच बाजूला फुजी दिसतो.

प्रश्न: सासू-सासऱ्यांसाठी जेआर पास घ्यावा का? आणि क्योटोत बसचा दिवसभराचा पास?

उत्तर: जेआर पास, म्हणजे परदेशी पाहुण्यांसाठीचा रेल्वे पास, नको. 7 दिवसांच्या पासची किंमत ऑक्टोबर 2023मध्ये 50,000 येन झाली. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन माणशी सुमारे 28,000 येन पडतात, आणि पासवर नोझोमी या सर्वात वेगवान बुलेट ट्रेनने जायचे तर वेगळे पैसे भरावे लागतात. मुलाला अर्धे तिकीट. साताऱ्याहून आलेल्या मोठ्या बॅगा टोकियोतच ठेवा. लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर गेली, तर शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, सामानाच्या जागेसह आसन आधी राखावे लागते.

जुन्या लेखांत वाचलेला फक्त बसचा पास आता बंद झाला आहे. भुयारी रेल्वे आणि बस मिळून दिवसाचा पास 1,100 येनला मिळतो. वरच्या बेतात जेआर आणि केइहान जास्त आहेत आणि तिथे तो चालत नाही, म्हणून सुइका हे आधी पैसे भरून वापरायचे प्रवास-कार्डच पुरेल. बसमध्ये चढायचे मागून, 230 येन उतरताना पुढे द्यायचे. नोट मोडायचे यंत्र चालकाजवळ असते, पण रांग खोळंबते. सुटे आधीच हातात ठेवा.

प्रश्न: सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, एकादशीही करतात. जपानी जेवणात काय चालेल?

उत्तर: अडचण मांसाची कमी, दाशीची जास्त. दाशी म्हणजे रश्शाचे मूळ पाणी, आणि ते बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचे असते. मिसो सूप, उदोनचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, इनारी सुशीचा तळलेला टोफू, सगळ्यांत ते मुरलेले असते. "मासे नकोत" म्हटले की तुकडे काढतात, पाणी तेच राहते. म्हणून हे वाक्य पाठ करा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशी मो दामे देसु." मांस आणि मासे खात नाही, दाशीही चालत नाही, असा त्याचा अर्थ.

खात्रीचे जेवण म्हणजे शोजिन र्योरी, बौद्ध मठांतले. त्याची दाशी कोम्बू या समुद्री शेवाळाची आणि शिइताके अळंबीची असते. कांदा-लसूणही नसतो, पण मुळा, कमळकाकडी हमखास असते. आठवडाभर आधी जागा राखा. नान्झेन-जीजवळ युदोफु मिळते. टोफू कोम्बूच्या पाण्यात शिजतो, तो चालेल. बुडवायच्या रसात मात्र मासा असतो, त्याऐवजी साधा सोया सॉस मागा. गोडात याट्सुहाशी घ्या, तांदळाचे पीठ, साखर आणि दालचिनी. योकान ही लाल घेवड्याची वडी समुद्री शेवाळापासूनच्या कान्तेनने घट्ट करतात, त्यात जिलेटिन नसते.

एकादशी सहलीत आली तर चिंता नको. याकी-इमो म्हणजे नुसते भाजलेले रताळे, तेल नाही, मीठ नाही. थंडीत सुपरमार्केटच्या दाराशीच गरम मिळते. जोडीला केळी, दूध आणि ऐन हंगामातली जपानी काकी (पर्सिमॉन) फळे.