झिजलेल्या बुटांचे काय करावे?

प्रश्न : मी गोदापार्कवर रोज धावतो. बुटांचे तळ झिजले आहेत, पण वरचा भाग शाबूत आहे. ते घंटागाडीत टाकणे जिवावर येते. काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तळ आणि पाऊल यांमधला फोमचा थर दबला की बूट धावण्यास निरुपयोगी होतात, बागकामाला मात्र ते चालतात. रबर, फोम आणि कापड घट्ट चिकटवलेले असल्याने पुनर्वापरासाठी ते वेगळे करणे अवघड जाते, म्हणूनच मुंबईची ‘ग्रीनसोल’ संस्था जुन्या बुटांपासून चपला बनवते, हे मोलाचे वाटते. नाड्यांनी परसातला द्राक्षवेल बांधावा, रबराचे तुकडे शिडीच्या पायांना लावावेत. बंबात मात्र बूट जाळू नयेत (हा मोह अनेकांना होतो!), कारण त्याचा धूर विषारी असतो.