खासदाराच्या कार्यालयातलं काम म्हणजे सतरंज्या उचलणं नव्हे

नमस्कार,

पत्र मिळालं. तासगाव तालुक्यात तुमची द्राक्षबाग, मुलगी सांगलीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. तिनं एका रात्री जेवताना सांगून टाकलं की एमपीएससी करायची नाही, खासदारांबरोबर संसदेच्या कामात जायचंय. त्यावर तुम्ही लिहिलंय, ‘पुढाऱ्याच्या मागं फिरायला आणि सतरंज्या उचलायला हिला एवढं शिकवलं का?’ पुढं तीन प्रश्न विचारलेत: यात पोट भरेल का, दिल्लीला एकटीला पाठवावं का, आणि ओळखीच्या पुढाऱ्याकडून शिफारसपत्र आणू का.

आधी सतरंज्यांचं बोलू. आपल्याला खासदार दिसतो तो लग्नात, जत्रेत, कुस्तीच्या फडावर आणि फीत कापताना. तेही त्याचं कामच आहे आणि त्यासाठी कार्यकर्ते लागतात. तुमची मुलगी बोलतेय ते काम वेगळं आहे. ते कागदाचं काम आहे आणि तारखा पाळण्याचं काम आहे. ते करणारी माणसं फोटोत येत नाहीत, म्हणून आपल्याकडं त्याची कल्पनाच नसते.

तुमच्याच भागातलं उदाहरण घ्या. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी. ‘आमच्या गावाला आवर्तन कधी सुटणार?’ असा प्रश्न खासदारानं लोकसभेत पाठवला तर तो बाद होईल, कारण पाणी सोडणं राज्याच्या हातात आहे आणि लोकसभेत विचारायची गोष्ट मुख्यतः केंद्र सरकारच्या अखत्यारीतली असावी लागते. पण ताकारी-म्हैसाळची कृष्णा-कोयना उपसा योजना प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत प्राधान्यानं पूर्ण करायच्या ९९ प्रकल्पांच्या यादीत घेतली गेली, आणि टेंभू केंद्रानं महाराष्ट्रासाठी २०१८ मध्ये मंजूर केलेल्या विशेष पॅकेजात. म्हणजे केंद्राचा पैसा आला. मग जलशक्ती मंत्रालयाला विचारता येतं: दरवर्षी किती साहाय्य मंजूर झालं, प्रत्यक्षात किती दिलं, ठरलेल्या क्षेत्रापैकी किती भिजलं, आणि राहिलं असेल तर का राहिलं. तक्रार तीच, पण आता मंत्र्याला आकड्यांत उत्तर देणं भाग पडतं. तक्रारीचा असा प्रश्न करणारं माणूस कार्यालयात लागतं.

प्रश्न लिहायचे नियमही कडक आहेत. साधारण १५० शब्दांच्या आत बसवायचा. त्यात मत नको, आरोप नको, टोमणा नको. छापील कागदपत्रांत सहज मिळणारी माहिती विचारायची नाही. नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यायची, तीही त्या मंत्रालयाचा उत्तराचा वार बघून. ऑक्टोबर छाटणीची तारीख हुकली की तुमचा पुढचा सगळा हिशेब सरकतो, तसं इथं एक तारीख हुकली की विषय पुढच्या अधिवेशनावर जातो. नोटिसा वेळेत गेल्या तरी सोडत निघते. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित प्रश्न निवडले जातात, त्यांना तोंडी उत्तर मिळतं. आणखी २३० अतारांकित असतात, त्यांना लेखी उत्तर. तारांकितांचा तास सकाळी ११ वाजता सुरू होतो आणि यादी संपायच्या आत तो संपतो, त्यामुळं बऱ्याच जणांची पाळीच येत नाही. ज्याची येते त्याला पुरवणी प्रश्न विचारता येतो. तो पुरवणी प्रश्न आदल्या रात्री कुणीतरी तयार करून ठेवलेला असतो. मंत्री अमुक म्हणाले तर हे विचारा, तमुक म्हणाले तर ते. मला विचाराल तर या सगळ्या कामातला सर्वांत चवदार भाग हाच आहे.

नुसत्या प्रश्नांवर भागत नाही. प्रश्नोत्तरं संपली की शून्य प्रहरात तातडीचा विषय मांडता येतो. नियम ३७७ खाली मतदारसंघातला विषय मांडता येतो, आणि त्याचा मजकूर थोडक्यात, आधी लिहून द्यावा लागतो. शुक्रवारी दुपारी खासगी सदस्यांची विधेयकं येतात. मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेल्या अशा विधेयकांपैकी स्वातंत्र्यानंतर जेमतेम १४ कायदे झाले, शेवटचा १९७० साली. तरीही खासदार ती मांडतात, कारण त्या निमित्तानं एखादा विषय सभागृहाच्या नोंदीत येतो. ते विधेयक कायद्याच्या भाषेत बसवायचं कामही कुणाला तरी करावं लागतं.

टीव्हीवर न दिसणारी जागा म्हणजे स्थायी समित्या. त्या २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. कृषी, रेल्वे, वित्त अशा खात्यांच्या खर्चाच्या मागण्या आणि पाठवलेली विधेयकं तिथं तपासली जातात. बैठका बंद दाराआड होतात, सहायकाला आत जाता येत नाही. पण आत जाणाऱ्या खासदाराच्या हातात दोन पानांचं टिपण असतं, आणि ते दोनशे पानं वाचून काढलेलं असतं.

सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत २७४ दिवस बैठका झाल्या, म्हणजे वर्षाला सरासरी पंचावन्न. बाकीचे दिवस गावाकडचे. तिथं जिल्ह्यातल्या केंद्रीय योजनांवर लक्ष ठेवणारी ‘दिशा’ समिती असते. खासदार निधी असतो, वर्षाला ५ कोटी. त्यातलं काम खासदार सुचवतो आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देतं, हे अजून अनेक सरपंचांना पटत नाही. आजारपणाच्या मदतीची पत्रं असतात, रेल्वेच्या थांब्याच्या मागण्या असतात. केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशाचा खासदार कोटा २०२२ मध्ये बंद झाला, तेव्हा ते पत्र आता देता येत नाही हेही समजावून सांगावं लागतं. कोणतं पत्र कुणाचं हे ओळखणं हीसुद्धा एक विद्याच आहे. सांगली जिल्ह्यात असूनही इस्लामपूर आणि शिराळा हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेला हातकणंगल्यात जातात. साताऱ्याकडचे फलटण आणि माण माढ्यात.

आता पोटाचं. इथं मी गोड बोलणार नाही.

पहिली वाट लॅम्प फेलोशिपची, म्हणजे विद्यावेतन घेऊन खासदाराचा संसदीय सहायक म्हणून काम करण्याची. दिल्लीतली पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था ती २०१० पासून चालवते. एक फेलो, एक खासदार, आणि पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंतचा काळ. कोणत्याही शाखेची पदवी चालते, वयाची मर्यादा साधारण २५ ची आहे. तुमची मुलगी त्यात बसते. खासदार कोणत्याही पक्षाचा असू शकतो, त्यामुळं ‘उद्या दुसरा पक्ष आला तर पोरीवर शिक्का बसेल’ ही तुमची भीती इथं फारशी लागू पडत नाही. विद्यावेतन मिळतं, पण ते दिल्लीत काटकसरीनं राहण्यापुरतंच. घरी पैसे येतील असं धरू नका.

दुसरी वाट थेट खासदाराच्या कार्यालयात सहायक होण्याची. खासदारांचा कार्यालयीन भत्ता आता महिना ७५,००० रुपये आहे. त्यातले ५०,००० सहायकासाठी असतात आणि ते संसदेच्या सचिवालयाकडून थेट सहायकाला मिळण्याची सोय आहे. ही रक्कम दोघातिघांत वाटलीही जाते. म्हणून रुजू होण्याआधी तिनं स्पष्ट विचारावं: पैसे कुणाकडून येणार, किती, आणि मला लिहायचं काम देणार की फोन घ्यायला बसवणार? मुलींना बऱ्याचदा फोनवर बसवतात. हे आधी बोलून घेतलेलं बरं. शिवाय खासदार पडला की ही नोकरी गेली.

तिसरी वाट पक्क्या नोकरीची, आणि तिची माहिती आपल्याकडं फार कमी जणांना आहे. लोकसभा आणि राज्यसभा यांची सचिवालयं वेगवेगळी आहेत आणि भरतीही त्यांची स्वतःची. समिती शाखेतले सहायक, संशोधन-संदर्भ विभाग, लघुलेखन करणारे प्रतिवेदक, अनुवादक, दुभाषे, अशी पदं असतात. लोकसभेत मराठी भाषणाचा तत्काळ अनुवाद होतो. १९५७ साली उत्तर साताऱ्यातून निवडून गेलेले क्रांतिसिंह नाना पाटील तिथं मराठीत बोलले हे आपल्याकडं अजून कौतुकानं सांगतात. आज मराठीतून बोलणाऱ्या खासदाराचं म्हणणं बाकीच्यांच्या कानात पोचवणं ही पगारी नोकरी आहे. त्यासाठी बहुतेक पदव्युत्तर पदवी आणि दोन भाषांवर पक्की पकड लागते. तुमच्या मुलीची इंग्रजी कशी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. बोलण्याचा ढंग सोडा, तो येतो. पण सरकारी इंग्रजी वाचून चार ओळींत सार लिहिता येत नसेल तर तिन्ही वाटा अडतील. आजपासून रोज एक पान, एवढी सवय लावायला सांगा.

मुंबईतही असंच काम आहे. विधिमंडळाचं सचिवालय आहे, वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. ज्यांच्या नावानं ते आहे ते पागे आपल्याच सांगली जिल्ह्याचे, विधान परिषदेचे सभापती आणि रोजगार हमी योजनेचे जनक. मुलीनं शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्रात एम.ए. केलं, तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या संसदीय अभ्यासवर्गाची चौकशी विभागात जरूर करावी.

माझा सल्ला असा: पदवी झाल्यावर एक वर्ष या कामाला द्या, त्यात लॅम्पचा प्रयत्न पहिला. जमलं तर पुढं एम.ए. किंवा कायदा, आणि सचिवालयाच्या जाहिरातींवर लक्ष. धोरण-संशोधनाच्या संस्था आणि पत्रकारिता यांनाही असा अनुभव चालतो. एमपीएससीचा अर्ज मात्र तिला भरू द्या, भले ती नाक मुरडू दे. राज्यघटना, अर्थसंकल्प, चालू घडामोडी हा अभ्यास दोन्हीकडं तोच आहे. दहा वर्षं परीक्षाच देत बसलेली मुलं मी सांगलीच्या अभ्यासिकांमध्ये रोज बघतो, त्यापेक्षा हे वर्ष वाया गेलं तरी स्वस्तात गेलं.

दिल्लीचं म्हणाल तर फेलो मुली बहुधा दोघीतिघी मिळून खोली घेतात. निवड झाली तर तुम्ही उभयता एकदा जाऊन खोली आणि येण्याजाण्याचा रस्ता बघून या. निवड व्हायच्या आधी यावरून घरात भांडू नका.

पण त्याआधी तिला एक काम द्या. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय हळद मंडळ २०२५ मध्ये सुरू झालं, त्याचं मुख्यालय तेलंगणातल्या निजामाबादला. यावर तिनं लोकसभेसाठी एक प्रश्न लिहावा. १५० शब्दांत, योग्य मंत्रालयाला, मत न घालता. त्याआधी संसदेच्या संकेतस्थळावर हळदीबद्दल आधी काय विचारलं गेलंय आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलंय ते शोधून वाचावं. सगळं तिथं फुकट आहे. शोधता शोधता तिला कंटाळा आला तर तुम्हाला दोघांनाही उत्तर मिळालं. जेवायची हाक तिला ऐकू आली नाही, तरीही मिळालं.

शिफारसपत्र आणू नका. लॅम्पला ते लागत नाही, तिथं अर्ज आणि लेखन बघतात. सुट्टीत इथल्याच खासदारांच्या जनसंपर्क कार्यालयात तिला अनुभव घ्यायचा असेल, तर पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन गेलेली मुलगी त्या पुढाऱ्याची माणूस ठरते आणि तिच्याकडून कामही तसंच घेतलं जातं. तिनं स्वतः जावं, हा हळदीचा प्रश्न आणि त्यामागचं दोन पानांचं टिपण हातात घेऊन. तो कागद आधी मला पाठवलात तर मी लाल पेन लावून परत करीन.