बंपरचे पोपडे का निघतात?

प्रश्न : पांढऱ्या हॅचबॅकच्या मागच्या बंपरला केळीच्या ट्रॉलीचा कोपरा लागून वीतभर तडा गेला. इपॉक्सी लांबी भरून घरीच स्प्रे कॅनने रंग मारला. दोन महिन्यांत लांबी सुटली, रंगाचे पोपडे निघाले. काय चुकलं? – एक वाचक, रावेर

उत्तर : बंपर काढून आतल्या बाजूचा शिक्का वाचा. बहुधा ‘पीपी’ (पॉलिप्रोपिलीन) किंवा ‘पीपी-ईपीडीएम’ (रबर मिसळलेलं पीपी) असेल. हे प्लॅस्टिक मेणासारखं बुळबुळीत. साधी इपॉक्सी त्याला धरत नाही आणि नुसता रंगही धरत नाही. त्यात लांबी ताठ, बंपर लवचिक. गाडी खड्ड्यात आदळली की जोड उकलतोच.

तडा लांबीने नव्हे, वितळवून जोडायचा. तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर तो पुढे सरकत राहतो. आतून गरम स्टेपलरने दर २-३ सेंटिमीटरवर नागमोडी पिना तड्याला आडव्या बसवा. बंपरची जाडी जेमतेम ३ मिमी असते, म्हणून पिन निम्म्यापर्यंतच रुतवा; जास्त दाबलीत तर दर्शनी बाजूला फोड येतो. मग बाहेरून ‘व्ही’ आकाराची खाच घासून तीत पीपीची कांडी सोल्डरिंग आयर्नने वितळवा. केबल टाय वितळवून भरायचा जुगाड करू नका. टाय नायलॉनचे असतात, पीपीशी एकजीव होत नाहीत. त्यापेक्षा भंगारातला तोच शिक्का असलेला बंपर आणून त्याच्या पट्ट्या कापा.

पुट्टी लवचिक, बंपरसाठीचीच घ्या, पत्र्याची नको. १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम हार्डनर पुरतो. जास्त झाला तर पुढे पांढऱ्या रंगातून पिवळसर डाग वर येतात. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून ३२० वर या.

आता तुमच्याकडून राहिलेली पायरी. बंपर साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोलने पुसू नका. त्याने पीपी फुगतं. टायर-डॅशबोर्डच्या पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. जिथे जिथे उघडं प्लॅस्टिक दिसतं तिथे आधी ‘प्लॅस्टिक प्रायमर’चा पातळ हात मारा. डब्यावर ‘पीपीसाठी’ लिहिलं आहे ना, तेवढं बघून घ्या. वाळवण्याची वेळही डब्यावरचीच पाळा. त्यावर भरणारा प्रायमर दोन हात, मग ६०० चा वॉटर पेपर. रंगाचे दोन-तीन हात २०-२५ सेंटिमीटरवरून मारा, मधे १०-१५ मिनिटं थांबा. शेवटी क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चकाकीचा थर. पूर्ण बंपरला ४०० मिलीचे रंगाचे दोन आणि क्लिअरचे दोन कॅन धरून चाला. रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर सापडतो.

हार्डनरवाल्या दोन घटकी क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. रुमाल बांधून ते काम करू नये. योग्य श्वसनसंच नसेल तर तेवढा एक हात गॅरेजमध्येच मारून घ्या.

प्रश्न : मेमध्ये रंगवलेला बंपर हाताला खरखरीत लागतो. कॅन खराब होता का? – एक वाचक, धुळे

उत्तर : कॅनचा दोष वाटत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. रंगाचे थेंब हवेतच निम्मे वाळतात आणि बंपरवर भुकटी होऊन बसतात. वरून लू काळ्या मातीची धूळ आणते. सकाळी साडेसात-आठपर्यंत, सावलीत, अंगणात सडा टाकून काम उरका. बंपरही रात्रभर सावलीत ठेवलेला असावा. श्रावणात उलटी अडचण : दमट हवेत क्लिअर दुधाळ पडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचे, मात्र पहाट टाळून ऊन वर आल्यावर. सध्याचा खरखरीतपणा क्लिअरपुरता असेल तर १५०० आणि २००० च्या वॉटर पेपरने पाणी मारत घासा, मग रबिंग कंपाउंड. कडांवर जपून, तिथे थर पातळ असतो आणि चार-पाचदा घासलं तरी खालचा रंग उघडा पडतो. मेटॅलिक रंगच खरखरीत झाला असेल तर नुसत्या पॉलिशने भागणार नाही. ८०० ने घासून रंगापासून पुन्हा सुरुवात करावी लागेल.